कुळागरातील पंपासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर: मोजून घेतलेला अनुभव

गोव्यातील सावईवेरे येथील आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या (सुपारीच्या) बागेत, विहिरीवर एक अश्वशक्तीचा, सिंगल फेजवर चालणारा पंप आहे. घराच्या मागील पडवीतील स्विचबोर्डापासून तो पंप, वायर ज्या वाटेने जाते त्या वाटेने मोजला, तर ७० मीटर दूर आहे. ही वाट आधी जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कडेने, मग पोफळींच्या रांगांमधून आणि शेवटी पाटाच्या बाजूने खाली उतरते. गेल्या डिसेंबरात या पंपाची जुनी लाइन काढून मी तेथे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांच्या जुडग्याची, वायर घातली. दिवाळीनंतर पोफळींना पाणी द्यायला सुरुवात होते ती पाऊस लागेपर्यंत थांबत नाही, त्यामुळे या वायरने आता शिंपणाचा एक संपूर्ण हंगाम काढलेला आहे आणि तिच्याविषयी जबाबदारीने चार शब्द लिहिण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. दोन गुंडाळ्यांवरून एखाद्या कंपनीला प्रशस्तिपत्र देणे मला योग्य वाटत नाही, आणि ज्या गुंडाळीने मला फसवले तिच्याबद्दलही तेच म्हणावे लागेल. ज्या रीतीने मी या दोन्ही गुंडाळ्या पारखल्या ती रीत मात्र कोणालाही घरच्या घरी वापरता येण्याजोगी आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो.

जुनी लाइन दीडची, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरची होती. ती घालणाऱ्या वायरमनने त्या वेळी मला सांगितले होते, “एक एचपीला दीडची वायर भरपूर झाली, मास्तर.” त्याचे म्हणणे एका अर्थाने बरोबरच होते. आमचा पंप चालताना सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतो आणि दीडची तांब्याची वायर एवढा प्रवाह आवरण न तापवता सहज वाहून नेते. परंतु वायर किती प्रवाह सोसेल हा एक प्रश्न आहे, आणि तेवढा प्रवाह वाहून नेताना ती वाटेत किती व्होल्ट खाईल हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नात लांबीचा संबंध येत नाही. दुसऱ्यात तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. स्विचबोर्डाशेजारीच पंप असता तर दीडची वायर खरोखरच भरपूर झाली असती. दुकानदार आणि वायरमन दोघेही यंत्राची अश्वशक्ती विचारतात, अंतर मात्र केवळ किती गुंडाळ्या लागतील हे ठरवण्यापुरते विचारतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

त्या लाइनवर पंपाने तीन हंगामांत मोटर सुरू व्हायला मदत करणारे दोन कपॅसिटर जाळले आणि एकदा मोटरमधील तारेचे वेढे नव्याने घालून घ्यावे लागले, म्हणजे वाइंडिंगही करून घ्यावे लागले. सकाळी बटण दाबले की पंप नुसता घुमायचा. फिरायला लागेल की नाही याची वाट पाहत माणूस स्टार्टरजवळ उभा राहायचा. वाइंडिंग करणाऱ्याने दोष पंपाच्या कंपनीला दिला आणि मी तो मान्यही केला, याची आता थोडी लाज वाटते. निवृत्तीपूर्वी मी तीस वर्षे मुलांना भौतिकशास्त्र शिकवले, आणि तारेचा विद्युतरोध लांबीच्या सम प्रमाणात व काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो हे वाक्य प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहिले. ते वाक्य आपल्याच कुळागरात पोफळीच्या मुळाशी पडलेले आहे, हे लक्षात यायला तीन वर्षे जावी लागली.

शेवटी गेल्या नोव्हेंबरात मी मल्टिमीटर घेऊन बसलो. पंप चालू असताना स्विचबोर्डावर २२१ व्होल्ट मिळत होते आणि त्याच वेळी पंपाच्या टर्मिनलवर २०७. म्हणजे ७० मीटरच्या वाटेत १४ व्होल्ट नाहीसे होत होते. आता गणित पाहावे. दीडच्या तांब्याच्या वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १२.१ ओहमपर्यंत असतो; कंपन्यांच्या तक्त्यांत हा आकडा दिलेला असतो. अंतर ७० मीटर असले, तरी प्रवाहाला जाऊन परत यायचे असते, म्हणून वायर १४० मीटर धरावी लागते. हा दुप्पट करण्याचा भाग पुष्कळजण विसरतात. १४० मीटरचा रोध १.७ ओहम होतो आणि त्यातून ७ अँपिअर गेले की सुमारे १२ व्होल्ट खाली येतात. उन्हाने तापलेल्या तारेमुळे त्यात आणखी अर्ध्या व्होल्टाची भर पडते, कारण तांब्याचा रोध तापमान एक अंशाने वाढले की जवळजवळ ०.४ टक्क्याने वाढतो. उरलेला दीड व्होल्ट कोठे गेला ते लाइन काढताना कळले. गडग्याजवळ आणि पाटाजवळ असे दोन जोड होते. ते नुसते पिळून टेप गुंडाळलेले होते, आणि पाटाजवळच्या जोडाची टेप काळी पडून कडक झालेली होती. दीड व्होल्ट गुणिले ७ अँपिअर म्हणजे सुमारे १० वॅट. एवढी उष्णता बोटभर लांबीच्या दोन जागांत रोज निर्माण होत होती.

चालत्या पंपाला १४ व्होल्ट कमी मिळाले तर तो तक्रार न करता चालतो. खरी अडचण सुरू होतानाची आहे, कारण थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि वायरमध्ये खाल्ले जाणारे व्होल्टही तेवढ्याच पटीने वाढतात. विजेचा किमान दाब, म्हणजे व्होल्ट, टिपून ठेवण्याची सोय असलेल्या मीटरवर तो क्षण पकडला, तेव्हा पंपाजवळ आकडा १६८ दिसला. मोटरचा फिरण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब तीन-चतुर्थांश झाला की जोर निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. पंपाच्या घुमण्याचा उलगडा येथे झाला आणि वाइंडिंगवाल्याचे, पंपाच्या कंपनीचे व माझे असे सर्वांचे हिशेब एकदम चुकते झाले.

कोणती वायर घ्यावी हे यानंतर अवघड नव्हते. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरमागे ७.४१ ओहमपर्यंत असतो, चारच्या वायरचा ४.९५ ओहमपर्यंत. आमच्या १४० मीटरसाठी अडीचमध्ये सात व्होल्टांहून थोडी अधिक घट आली असती, चारमध्ये पाच व्होल्टांच्या आत. सुरू होतानाचा क्षण डोळ्यांसमोर ठेवून मी चारची निवडली. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बाजारात ज्याला आपण ‘दीड एमएम’ किंवा ‘चार एमएम’ म्हणतो ती जाडी नसते, क्षेत्रफळ असते. चारच्या वायरमधील तांब्याच्या जुडग्याचा व्यास सुमारे २.६ मिलिमीटर भरतो. जुन्या घरांतील वायरिंगविषयी बोलताना वडीलधारी मंडळी अजून ‘तीन-बावीस’, ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. त्यात पहिला आकडा तारांच्या संख्येचा आणि दुसरा गेजचा असतो, आणि गेज जितका मोठा तितकी तार बारीक. तीन-वीस म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास दोन चौरस मिलिमीटर. आमच्या माळ्यावर तिचे एक भेंडोळे अजून पडून आहे आणि त्यातील तांबे आजच्या पुष्कळ वायरींपेक्षा चोख आहे, एवढे मात्र मी मोजून सांगतो.

फोंड्याच्या बाजारात पहिल्या दुकानात मला चारची ‘प्युअर कॉपर’ असे छापलेली ९० मीटरची गुंडाळी बरीच स्वस्त मिळाली. नामांकित कंपन्यांच्या किमतीच्या निम्म्याहून थोडी अधिक, एवढ्याच किमतीला. दुकानदाराने तिचे गुणगान करताना असेही सांगितले, की मल्टिस्ट्रँड वायरमध्ये वीज तारांच्या पृष्ठभागावरून वाहते, म्हणून तारा जितक्या अधिक तितका प्रवाह अधिक जातो. हे विधान मी या दुकानाबाहेरही अनेकदा ऐकले आहे आणि घरगुती विजेच्या बाबतीत ते खरे नाही. वीज पृष्ठभागाकडे ढकलली जाते हे उच्च वारंवारितेला खरे आहे. आपल्या ५० हर्ट्झला तांब्यात तिची खोली नऊ मिलिमीटरहून अधिक असते, आणि आपली वायर अडीच मिलिमीटर जाड. तिचा सगळा काटछेद सारखाच कामाला येतो. बारीक तारा घालतात त्या वायर मऊ राहावी, वळवता यावी म्हणून.

गुंडाळी घरी आणली आणि उचलतानाच हात साशंक झाला. किराणा दुकानाच्या काट्यावर ती २ किलो ३०० ग्रॅम भरली. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊ पट असते. ९० मीटर लांब आणि चार चौरस मिलिमीटर काटछेदाचे तांबे नुसतेच तीन किलोंहून अधिक भरायला हवे, आणि वर प्लॅस्टिकच्या आवरणाचा एक किलोभर. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली, तेव्हा लालसर कातडीखाली पांढरा धातू निघाला. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते ते.

वजनावर निकाल देता आला असता, परंतु मला रोध पाहायचा होता. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर ही मोजणी करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. चारच्या वायरच्या पूर्ण गुंडाळीचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी असतो, आणि मीटरच्या स्वतःच्या दोन लाल-काळ्या वायरी व त्यांच्या टोकांचे स्पर्श मिळूनच ०.२ ते ०.३ ओहम होतात. धान्यापेक्षा पोते जड अशी ती स्थिती असते. त्याऐवजी मी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी घेतली, तिच्याशी गाडीचाच एक हेडलाइटचा बल्ब, अँपिअर मोजणारा मीटर आणि ती गुंडाळी असे एकामागून एक जोडले. बल्ब येथे प्रवाहाला लगाम घालण्याचे काम करतो. तो नसेल तर बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह जाऊन मीटरचा फ्यूज उडेल. मग दुसऱ्या मीटरची टोके प्रवाहाच्या चिमट्यांवर न लावता, त्यांच्या आतल्या बाजूला थेट तांब्यावर टेकवली आणि व्होल्ट वाचले. या मांडणीत चिमट्यांचा रोध मोजणीत येत नाही, कारण व्होल्ट मोजणाऱ्या वायरींतून नगण्य प्रवाह जातो. प्रयोगशाळेत चार तारांची पद्धत म्हणतात ती हीच. बल्बच्या उजेडात पडवीत हा प्रयोग चालू असताना घरातील मंडळींनी गाडीचे काय बिघडले, असे दोनदा येऊन विचारले.

प्रवाह ४.२५ अँपिअर, गुंडाळीच्या दोन टोकांत २.८१ व्होल्ट. भागाकार ०.६६ ओहम. त्या दिवशी पडवीत तापमान ३१ अंश होते, म्हणून २० अंशांवर आणण्यासाठी १.०४३ ने भागले, तेव्हा ०.६३ ओहम मिळाले. किलोमीटरला सुमारे ७ ओहम. चारची म्हणून घेतलेली वायर प्रत्यक्षात अडीचच्या तांब्याच्या वायरएवढाच उपयोग देणारी निघाली. यात लांबी पूर्ण होती, तारांची संख्या बरोबर होती, मायक्रोमीटरवर प्रत्येक तारेचा व्यासही बरोबर होता. फरक होता तो केवळ पदार्थाचा. तांब्याची रोधकता २० अंशांना १.७२ गुणिले १० चा उणे आठवा घात ओहम-मीटर, ॲल्युमिनियमची सुमारे २.८. मुलाम्याच्या तांब्याने त्यात थोडीशी सुधारणा होते, एवढेच. शाळेत मुले हे सूत्र पाठ करताना लांबी आणि क्षेत्रफळ लक्षात ठेवतात आणि तिसरे अक्षर, म्हणजे पदार्थाची रोधकता, नुसता स्थिरांक म्हणून सोडून देतात. बाजारात फसवणूक नेमकी त्या तिसऱ्या अक्षरात होते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

दुकानदाराने गुंडाळी परत घेतली, मात्र पैसे न देता त्या किमतीचे इतर सामान घ्यायला लावले. दोन एलईडी दिवे आणि एक एक्स्टेंशन बोर्ड घरात वाढला.

आता ज्या वायरचे हे परीक्षण आहे तिच्याकडे येतो. दुसऱ्या दुकानातून नामांकित कंपनीच्या ९० मीटरच्या दोन गुंडाळ्या घेतल्या, एक लाल आणि एक काळी. एकीचे वजन ४ किलो ३०० ग्रॅम भरले. सोललेल्या टोकात ५६ तारा मोजल्या; प्रत्येकीचा व्यास मायक्रोमीटरवर ०.३० मिलिमीटर आला. ५६ तारांचे क्षेत्रफळ ३.९६ चौरस मिलिमीटर होते, जे योग्य आहे. हा व्यास मोजण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर असे की क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.३० ऐवजी ०.२८ मिलिमीटरची तार घातली, तर डोळ्यांना काहीही कळणार नाही, तारांची संख्याही बरोबर भरेल, परंतु तांबे १३ टक्क्यांनी कमी होईल आणि रोध त्या मानाने १५ टक्क्यांनी वाढेल. बॅटरी आणि बल्बची तीच मांडणी करून ४.४० अँपिअर प्रवाहाला १.८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे ०.४२ ओहम, २० अंशांना ०.४० ओहम. किलोमीटरला ४.४५ ओहम. मर्यादा ४.९५ ची असताना एवढा आकडा येणे हे चांगल्या तांब्याचे लक्षण आहे. काळ्या गुंडाळीचा आकडा हजारांश ओहमांच्या फरकाने तोच आला.

मोजणी मी गुंडाळी न उलगडता केली. बॅटरीच्या एकदिश प्रवाहाला त्याने काही फरक पडत नाही. परंतु प्रत्यक्ष वापरात लांब वायर गुंडाळलेल्या स्थितीत ठेवून तिच्यावर मोठा भार टाकू नये. जत्रेत किंवा मांडवात एक्स्टेंशनची रीळ अर्धीच उलगडून तिच्यावर हॅलोजन आणि मिक्सर चालवतात, त्या वेळी रोध तेवढाच असतो, उष्णता तेवढीच निर्माण होते, मात्र ती बाहेर पडायला वाट राहत नाही आणि आतल्या वेढ्यांचे आवरण मऊ होऊन एकमेकांना चिकटते. अशी एक रीळ मी स्वतः पाहिली आहे. सुरीनेसुद्धा तिचे वेढे वेगळे होत नव्हते.

लाइन घालताना वायर एचडीपीई या प्लॅस्टिकच्या काळ्या पाइपमधून ओढली, कारण घरातील वायरिंगसाठी असलेली ही एकपदरी वायर उघड्यावर, उन्हात किंवा थेट मातीत टाकण्याची नाही. तिच्याबरोबर अर्थिंगची वेगळी हिरवी वायरही नेली. वाटेत एकही जोड ठेवला नाही. पाइपमधून ओढताना वायर पुरेशी गुळगुळीत सरकली, तिचे आवरण कोठे खरचटले नाही, आणि दर मीटरला छापलेले आकडे असल्यामुळे किती आत गेली ते बाहेरून कळत होते. ही छोटी सोय मला फार आवडली. छपाई मात्र इतकी फिकट आहे की काळ्या वायरवरील आकडे सूर्यप्रकाशात तिरके धरूनच वाचावे लागतात.

खरी अडचण पंपाजवळ आली. पंपाच्या टर्मिनल बॉक्समधील भोके दीडच्या, फार तर अडीचच्या वायरसाठी केलेली होती, आणि ५६ तारांचे जुडगे त्यात शिरेना. नव्या वायरमनने सहजपणे पक्कड काढली आणि बाहेरच्या पंधरा-वीस तारा कापून उरलेल्या पिळून आत घालण्याची तयारी केली. मी त्याला थांबवले. त्याचे म्हणणे असे की एवढ्याशा टोकाने काय फरक पडतो, आणि रोधाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खरेही होते: सेंटिमीटरभर लांबीत काटछेद निम्मा झाला तरी वाढणारा रोध ओहमच्या लक्षांशांत मोजावा लागेल. माझी भीती निराळी होती. कापलेल्या तारांची टोके मोकळी राहून शेजारच्या टर्मिनलला किंवा बॉक्सला टेकू शकतात, आणि स्क्रूखाली विस्कटलेली जुडी काही महिन्यांत सैल होते. जोडातील रोध तांब्याचा नसतो, स्पर्शाचा असतो, आणि विहिरीजवळच्या ओलाव्यात तो वाढतच जातो. शेवटी पिन पद्धतीचे लग, म्हणजे वायरच्या टोकावर बसवायचे धातूचे तुकडे, आणून दाबयंत्राने पक्के बसवले आणि मग ते टर्मिनलमध्ये घातले. वायरच्या किमतीच्या मानाने लगची किंमत चिल्लर असते; कंपनीने प्रत्येक खोक्यात चार लग टाकले तर काही बिघडणार नाही.

खोक्याविषयी माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्यावर आवरण आगीत सहजी पेट घेत नाही हे मोठ्या अक्षरांत आहे, ज्वाळांचे चित्र आहे, प्रवाहाची मर्यादा आहे. किलोमीटरला किती ओहम, हा एक आकडा कोठेही नाही. तो कंपनीच्या तक्त्यात मिळतो, परंतु तक्ता पाहणारा ग्राहक शंभरात एखादा. अंतराचा विचार करून वायर निवडायची तर हाच एक आकडा पुरेसा असतो. पंपाचे अँपिअर, जाऊन-येऊन मीटर आणि हा आकडा यांचा गुणाकार करून हजाराने भागले की वाटेत जाणारे व्होल्ट मिळतात. तिसरी-चौथीच्या मुलालाही येईल असे हे गणित आहे.

जॉर्ज ओहम हे जर्मनीत कोलोन येथील शाळेत शिकवत असताना वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा जोडून अशाच मोजण्या करत होते, आणि १८२७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या वेळच्या बॅटरीचा दाब टिकून राहत नसे, म्हणून त्यांनी बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाची दोन टोके वेगवेगळ्या तापमानाला ठेवून स्थिर दाब मिळवला होता. गाडीची बॅटरी आणि हेडलाइटचा बल्ब हाताशी असलेल्या माणसाने त्यांच्यापेक्षा अधिक तक्रार करू नये.

लाइन पूर्ण झाल्यावर घरात २२२ व्होल्ट असताना पंपाजवळ २१७ मिळाले. सुरू होतानाचा सर्वांत खालचा आकडा १९६. पंप बटण दाबताच उचलतो. घुमणे पूर्णपणे थांबले आहे आणि मेअखेरपर्यंत कपॅसिटर एकदाही बदलावा लागला नाही. विजेच्या बिलात बचत होईल अशा आशेने मात्र कोणी एवढी जाड वायर घेऊ नये. जुन्या लाइनमध्ये वाटेत सुमारे १०० वॅट वाया जात होते, आता ३५ च्या आत. रोज दोन तास पंप चालला, तर संपूर्ण हंगामात वीस-एक युनिट वाचतील. तेवढ्यावर वायरचा खर्च निघायला माझे आयुष्य पुरणार नाही. तो खर्च निघतो तो न जळलेल्या वाइंडिंगमधून.

कुळागरातील पाटाचे उदाहरण देऊन मी मुलांना रोध शिकवत असे: अरुंद आणि लांब पाटातून पाणी कमी येते, तसे बारीक आणि लांब तारेतून विजेचे. ही तुलना सुरुवातीला उपयोगी पडते, पण ती फार ताणता येत नाही. समान क्षेत्रफळाची एक जाड तार आणि ५६ बारीक तारा विजेला सारख्याच. पाण्याला मात्र एक मोठा पाइप आणि तेवढ्याच एकूण क्षेत्रफळाच्या छप्पन्न नळ्या मुळीच सारख्या नसतात, कारण पाणी प्रत्येक नळीच्या कडेला घासत जाते. ठिबक सिंचनाच्या नळ्या घातलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

पाचपैकी मी या वायरला साडेचार गुण देतो; अर्धा गुण खोक्यावरील न छापलेल्या आकड्यासाठी आणि फिकट छपाईसाठी कापला आहे. दोन्ही गुंडाळ्यांतून वीस-वीस मीटर वायर उरली, ती न्हाणीघरातील गीझरला वापरली. गीझरची लाइन जेमतेम नऊ मीटर असल्यामुळे तेथे चारची वायर व्होल्टाच्या दृष्टीने आवश्यक नव्हती, परंतु उरलेली वायर माळ्यावर ठेवून उंदरांच्या स्वाधीन करण्यापेक्षा ते बरे. गंमत अशी, की त्याच गीझरच्या पोटात हेच सूत्र उलट्या बाजूने राबते. तेथील नायक्रोमच्या तारेची रोधकता तांब्याच्या साठपटीहून अधिक असते, म्हणून तोच प्रवाह भिंतीतील वायरला कोमटही करत नाही आणि टाकीतील पाणी पाच-दहा मिनिटांत कढत करतो.

माझा आकडा ऐकून शेजारच्या कुळागराच्या मालकांनीही चारची वायर घेण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांची विहीर घरापासून १४० मीटरवर आहे. अंतर दुप्पट झाले म्हणून रोध दुप्पट, आणि तो पुन्हा पूर्वीएवढा आणायचा तर काटछेदही दुप्पट करावा लागतो. म्हणजे तांबे चौपट. आठची वायर बाजारात सहसा मिळत नाही, दहाची घ्यावी लागेल, आणि तिची किंमत ऐकून त्यांनी पंपच बदलण्याची भाषा सुरू केली. मी त्यांना १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे आवरणात धातूचे कवच असलेली, केबल सुचवली आहे. तिचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम, दहाच्या तांब्याच्या वायरएवढाच, आणि आतील धातूचे वजन तांब्याच्या निम्मे. खांबांवरील तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या याच कारणाने. तांब्याचे सोंग घेऊन विकले जाते ते ॲल्युमिनियम मला चालत नाही. आपल्या नावाने आणि योग्य जाडीने आलेले अवश्य घ्यावे. टोकांना ॲल्युमिनियमसाठीचेच लग लावायला मी त्यांना बजावून सांगितले आहे, आणि केबल आली की बॅटरी व बल्ब घेऊन त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.